‘ते चालत आले’ : रापा नुईच्या मोआईंचा प्रवास

५ एप्रिल १७२२ हा ईस्टरचा रविवार होता. याकोब रोगेवेन या डच दर्यावर्द्याच्या तीन जहाजांना त्या दिवशी दक्षिण प्रशांत महासागरात एक बेट दिसले. ईस्टरच्या दिवशी दिसले म्हणून त्याने त्याला ‘ईस्टर बेट’ म्हटले आणि युरोपीय नकाशांवर तेच नाव पडले. तिथले रहिवासी आज आपल्या बेटाला आणि स्वतःलाही ‘रापा नुई’ म्हणतात. डच खलाशांनी किनाऱ्यावर उतरताच गोळीबार केला आणि त्यात दहाएक बेटवासी मारले गेले. त्यानंतर त्यांनी बेट पाहिले. किनाऱ्यालगत माणसाच्या कितीतरी पट उंचीचे दगडी पुतळे उभे होते. ज्या लोकांकडे जाड लाकूड नाही, मजबूत दोरखंड नाहीत, त्यांनी हे कसे उभारले असतील, असा प्रश्न रोगेवेनला पडला. त्याने रोजनिशीत तो नोंदवला आणि उत्तरही देऊन टाकले : पुतळे दगडाचे नसून मातीचे आहेत, वरून बारीक गोटे बसवून त्यांना दगडाचे रूप दिले आहे.

१७७० मध्ये आलेल्या स्पॅनिश मोहिमेतल्या एका अधिकाऱ्याने पुतळ्यावर घाव घालून पाहिला. ठिणग्या उडाल्या. दगडच होता. म्हणजे प्रश्न कायम राहिला, आणि पुढची अडीचशे वर्षे तो दर्यावर्दी, मिशनरी, पुरातत्त्वज्ञ आणि इंजिनिअर यांना छळत राहिला. बेटावरच्या लोकांना मात्र तो तसा पडलेला नव्हता. कोणीही विचारले, की ते सांगत, “मोआई चालत आले.” कोणाच्या सांगण्यात ‘माना’ची, म्हणजे दैवी सामर्थ्याची, आज्ञा होती. एका कथेत पाथरवटांना रांधून घालणारी एक म्हातारी होती. तिच्याच शक्तीने पुतळे चालत. एकदा मोठा शेवंड शिजला, सगळ्यांनी तो खाऊन संपवला आणि तिचा वाटा ठेवायला विसरले. म्हातारी रागावली आणि चालणारे पुतळे जागच्या जागी थांबले.

चांगदेवांच्या भेटीला निघालेल्या ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ही गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. त्या गोष्टीत भिंत हलवण्याचे तंत्र कोणी शोधत नाही. रापा नुईच्या गोष्टीकडेही अभ्यासकांनी दीर्घकाळ त्याच नजरेने पाहिले : सुंदर, श्रद्धेची, पण वाहतुकीच्या प्रश्नाशी संबंध नसलेली. गेल्या चार दशकांत झालेल्या प्रयोगांनी आणि मोजमापांनी ही नजर बदलायला लावली आहे. तो बदल कसा झाला आणि त्याच्याशी एका समाजावरचा गंभीर आरोप कसा जोडलेला आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

बेट, खाण आणि पुतळे

रापा नुई हे सुमारे १६४ चौरस किलोमीटरचे बेट आहे, बृहन्मुंबईच्या चौथाईहून थोडे मोठे. चिलीचा किनारा तिथून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर आहे आणि जवळची वस्ती म्हणावी असे पिटकेर्न बेटही दोन हजार किलोमीटरवर. साधारण इ. स. १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन लोक होड्यांतून इथे येऊन स्थायिक झाले, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांच्यापाशी धातू नव्हता, चाक नव्हते, ओझे ओढणारे जनावरही नव्हते. होती ती दगडाची हत्यारे, झाडाच्या सालीचे दोर आणि माणसे.

या माणसांनी पुढच्या चार-पाच शतकांत साडेनऊशेच्या आसपास मोआई घडवले. सरासरी उंची ४ मीटर आणि सरासरी वजन साडेबारा टनांच्या आसपास. बहुतेक सगळे रानो राराकू या एकाच विझलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर कोरलेले आहेत. तिथला खडक ‘टफ’ म्हणजे ज्वालामुखीची राख दाबली जाऊन तयार झालेला, तुलनेने मऊ. तो फोडायला ‘तोकी’ नावाच्या बसाल्टच्या छिन्न्या वापरत. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाच्याच जातीचा खडक. पुतळा खडकातच उताणा कोरायचा, पाठीखाली होडीच्या कण्यासारखी दगडाची पट्टी शेवटपर्यंत ठेवायची, ती तोडली की पुतळा उतारावरून खाली सरकवायचा आणि पायथ्याच्या खड्ड्यात उभा करून पाठ घडवायची, असा क्रम होता. खाणीत आजही जवळपास चारशे मोआई वेगवेगळ्या अवस्थेत आहेत. त्यांतला सर्वांत मोठा २१ मीटर लांबीचा आहे. तो खडकातून कधी सुटलाच नाही.

तयार मोआई किनाऱ्यावरच्या ‘अहू’ नावाच्या दगडी चौथऱ्यांवर, बहुधा समुद्राकडे पाठ आणि वस्तीकडे तोंड करून उभे केले जात. ते पूर्वजांचे रूप होते, वस्तीवर लक्ष ठेवणारे. चौथऱ्यावर चढल्यावरच त्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या कोरल्या जात आणि त्यात पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसवले जात. यातले काही चौथरे खाणीपासून १५ ते १८ किलोमीटरवर आहेत. उभारलेल्यांत सर्वांत मोठा ‘पारो’ जवळपास १० मीटर उंच आणि ८० टनांच्या आसपास वजनाचा आहे. हे वजन चढउताराच्या जमिनीवरून इतके अंतर गेले, एवढे निश्चित. गेले कसे, हा वाद.

आडवा की उभा?

१९१४-१५ मध्ये कॅथरीन रूटलेज या इंग्रज संशोधिकेने बेटावर सुमारे दीड वर्ष काढले. हुआन तेपानो या स्थानिक सहकाऱ्याच्या मदतीने तिने वृद्धांच्या आठवणी टिपल्या. खाणीतून निघून वेगवेगळ्या दिशांना जाणारे जुने रस्तेही तिने ओळखले. त्या रस्त्यांच्या कडेने बरेच मोआई पडलेले होते. हे निरीक्षण फार मोलाचे ठरणार होते, पण लगेच नाही.

त्यानंतर १९५५-५६ मध्ये थॉर हेयरडाल आला. ‘कोन-टिकी’ तराफ्याच्या सफरीमुळे तो जगप्रसिद्ध झालेला होता. त्याने बेटवासीयांनाच करून दाखवायला सांगितले. महापौर पेद्रो आतान यांच्या देखरेखीखाली बारा माणसांनी लाकडी पहारी आणि दगडांच्या थरांच्या साहाय्याने एक पडलेला मोआई अठरा दिवसांत उभा केला. दुसरा एक मोआई झाडाच्या दुबेळक्याच्या घसरगाडीवर आडवा बांधून सुमारे १८० जणांनी ओढला. तो हललाही. तिथून ‘आडवा ठेवून ओढला’ हे उत्तर रूढ झाले. पुढे यात सुधारणा झाल्या. विल्यम मलॉय यांनी दुपायी घोड्यावर पुतळा झुलवत नेण्याची कल्पना मांडली. चार्ल्स लव्ह यांनी १९८७ साली अमेरिकेतील वायोमिंग राज्यात १० टनांची प्रतिकृती दोन लाकडी पट्ट्यांवर उभी ठेवून, खाली ओंडके घालून, २५ माणसांकरवी दोन मिनिटांत ४६ मीटर नेली. जो अ‍ॅन व्हॅन टिलबर्ग यांनी १९९८ मध्ये बेटावरच लाकडी चौकटीवर आडवा मोआई ओढण्याचा प्रयोग केला. पॉलिनेशियन लोक मोठ्या होड्या लाकडी शिडीसारख्या मार्गावरून सरकवत आणत, त्या परंपरेशी त्यांनी तो जोडला.

या सर्व पद्धतींना लाकूड लागते, आणि बहुतेकांना भरपूर लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

याच काळात एरिख फॉन डॅनिकेनसारख्या लेखकांनी परग्रहावरच्या पाहुण्यांना या पुतळ्यांचे श्रेय देऊन टाकले. त्या कल्पनांना जगभर आणि मराठीतही भरपूर वाचक मिळाले. खाणीत हजारो तोकी विखुरलेल्या आहेत, अर्धवट कोरलेले पुतळे कामाची प्रत्येक पायरी दाखवतात, हे पाहिल्यावर त्या कल्पनेची गरज उरत नाही. पण तिच्यात आणि रोगेवेनच्या मातीच्या पुतळ्यांत एक साम्य आहे : दोन्हींच्या मुळाशी ‘या लोकांना हे जमणार नाही’ हे गृहीतक आहे.

चालण्याचे शास्त्र

घरातले लोखंडी कपाट एकट्याने हलवायची वेळ आली तर आपण ते ओढत नाही. एका बाजूला किंचित कलवतो, दुसरा कोपरा पुढे फिरवतो, मग उलट बाजूला कलवून तेच करतो. भरलेला गॅस सिलिंडर स्वयंपाकघरात नेणारा मुलगाही तो कडेवर कलवून फिरवत नेतो. आडव्या ओझ्याला ओढताना सगळे वजन जमिनीला घासते. उभे ओझे कलवले की वजन एका कडेवर येते, बाकीचा भाग मोकळा होतो आणि थोड्या जोराने फिरतो.

पावेल पावेल या चेक इंजिनिअरने १९८२ मध्ये हेच १२ टनांच्या काँक्रीटच्या पुतळ्यावर करून पाहिले. एक दोर डोक्याला, एक पायाशी. १७ माणसांनी तो डुलवत पुढे नेला. १९८६ मध्ये हेयरडालने त्याला बेटावर बोलावले. ९ टनांचा खरा मोआई १६ जणांनी चालवला, पण बैठकीचे टवके उडू लागल्याने प्रयोग आवरता घ्यावा लागला.

कार्ल लिपो आणि टेरी हंट या पुरातत्त्वज्ञांनी वेगळ्या टोकापासून सुरुवात केली. ‘कोणतीही मूर्ती कशी हलवता येईल’ यापेक्षा ‘रस्त्यावर सापडलेल्या मूर्ती कशा घडवल्या आहेत’ हे त्यांनी पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचे तिसरे लेखक सर्जिओ रापू. रापू स्वतः बेटाचे सुपुत्र, पुरातत्त्वज्ञ आणि एकेकाळचे गव्हर्नर. त्यांना दिसले, की रस्त्यावरचे मोआई चौथऱ्यावरच्या मोआईंपेक्षा वेगळे आहेत. त्यांची बैठक खांद्यांच्या मानाने रुंद आहे, तिची पुढची कड गोलसर आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते पुढे झुकलेले आहेत. त्यांना सपाट जमिनीवर सोडले तर ते तोंडावर पडतील. डोळ्यांच्या खोबण्या त्यांना अजून नाहीत. म्हणजे ही अपुरी, फसलेली कामे नव्हेत. हे प्रवासासाठी घडवलेले रूप आहे. मुक्कामी पोचल्यावर बैठक तासून पुतळा सरळ करायचा आणि मग डोळे द्यायचे, असा दोन टप्प्यांचा आराखडा इथे दिसतो.

हे पुढे झुकणे हीच युक्ती होती. पुतळा डाव्या बाजूला कलला की त्याची उजवी बाजू उचलली जाते. गुरुत्वमध्य पुढे असल्यामुळे ती बाजू आपोआप पुढे फिरून पडते. मग उजवीकडे कलवायचे, डावी बाजू पुढे येते. दोन बाजूंचे गट आळीपाळीने दोर ओढतात आणि पाठीमागचा तिसरा गट दोर ताणून धरतो, जेणेकरून पुतळा पालथा पडू नये. झोपाळ्याला एकदा लय सापडली की हलका झोका पुरतो, तसेच इथेही. सुरुवात जड जाते, पुढे लय काम करते.

तीन मीटर उंचीची, ४.३५ टनांची प्रतिकृती त्यांनी याच प्रमाणात ओतून घेतली. हवाईमध्ये १८ माणसांनी तीन दोरांच्या बळावर ती ४० मिनिटांत १०० मीटर चालवली. त्रैराशिक मांडायचे तर एका किलोमीटरला पावणेसात तासांच्या आत. रोज अर्धा किलोमीटर धरला तरी १८ किलोमीटरचा सर्वांत लांबचा प्रवास पाच-सहा आठवड्यांत संपतो. मोठ्या पुतळ्याला अधिक माणसे, अधिक दिवस लागतील. तरीही हिशेब एखाद्या वस्तीच्या आवाक्यातला राहतो. दोरासाठी ‘हाऊ’ नावाच्या झुडपाची साल बेटावर होती. रापा नुई भाषेत अशा पायांविना चालण्याला ‘नेके नेके’ असा शब्दही आहे.

रस्त्यांची साक्ष

प्रयोगाने ‘असे होऊ शकते’ एवढेच सिद्ध होते. ‘असेच झाले’ म्हणायला जागेवरचा पुरावा लागतो. २०२५ मध्ये लिपो आणि हंट यांनी ९६२ मोआईंच्या नोंदींचा, त्यांतही रस्त्यांवरच्या ६२ मोआईंचा, नव्याने अभ्यास मांडला. या रस्त्यावरच्यांपैकी निम्म्याच्या आसपास खाणीपासून दोन किलोमीटरच्या आत आहेत. कोणी मुद्दाम मांडले असते तर ते असे खाणीजवळ गर्दी करून पुढे विरळ होत गेले नसते. प्रवासात पडलेल्यांचे मात्र असेच होणार : पहिल्या टप्प्यात कच्चा दगड आणि चुकलेला तोल उघडा पडतो, आणि जे निभावतात ते पुढे जातात.

पडण्याची दिशाही बोलकी आहे. उतारावर निघालेले बहुतेक मोआई तोंडावर पडले आहेत, तर चढावर निघालेल्यांत पाठीवर पडलेले जास्त आढळतात. काहींचे झालेले तुकडे उंचावरून कोसळल्यासारखे आहेत. आडव्या बांधलेल्या पुतळ्याला इतके कोसळायला उंचीच नसते. रस्तेही पाहण्यासारखे आहेत. ते सुमारे साडेचार मीटर रुंद आणि मध्ये किंचित खोलगट आहेत. ओंडके टाकून त्यावरून ओझे न्यायला असा खोलगट रस्ता अडचणीचा. डुलत चालणाऱ्या पुतळ्याला मात्र दोन्ही कडा आधार देतात आणि तो मध्यावर राहतो.

सगळे अभ्यासक याला मान्यता देतात असे नाही. काही पुरातत्त्वज्ञांना प्रतिकृती आणि खरे मोआई यांच्या आकारातले फरक महत्त्वाचे वाटतात. मऊ टफची बैठक इतका प्रवास सोसेल का, तीव्र चढउतारांवर काय केले असेल, ८० टनांच्या पारोचे काय, हे प्रश्न रास्त आहेत. कॉलिन रिचर्ड्स आणि स्यू हॅमिल्टन यांनी २०१० मध्ये असेही मांडले, की हे रस्ते वाहतुकीपेक्षा खाणीकडे जाण्याच्या धार्मिक वाटा होत्या आणि त्यांच्या कडेचे पुतळे मुद्दाम उभारलेले होते. सर्व पुतळे एकाच पद्धतीने हलवले असतील असे मानण्याचेही कारण नाही. तरीही रस्त्यावरच्या मोआईंचे झुकलेले रूप, त्यांच्या पडण्याच्या दिशा, रस्त्यांचा छेद आणि लोकांची आठवण या चार गोष्टींना एकत्र बांधणारे दुसरे स्पष्टीकरण अजून कोणी दिलेले नाही, असे मला वाटते.

झाडांचा आरोप

आता लाकडाच्या प्रश्नाकडे वळू. रानो राराकूच्या विवरातल्या तळ्याच्या गाळात जॉन फ्लेनली यांना १९७० च्या दशकापासून परागकण मिळत गेले आणि सिद्ध झाले, की रोगेवेनने पाहिलेले उघडेबोडके बेट एकेकाळी ताडवर्गीय झाडांच्या जंगलाने झाकलेले होते. ती झाडे नाहीशी झाली, हे निर्विवाद. ती का गेली? पुतळे ओंडक्यांवरून ओढले गेले, हे गृहीत धरले की उत्तर तयारच असते. जॅरेड डायमंड यांच्या २००५ मधल्या ‘कोलॅप्स’ या गाजलेल्या पुस्तकाने हे उत्तर घराघरांत पोचवले : सरदारांच्या चढाओढीत पुतळे मोठे होत गेले, त्यांच्यासाठी झाडे तोडली गेली, जमीन धुपली, उपासमार आणि यादवी झाली, समाज कोसळला. रापा नुई हा ‘पर्यावरणीय आत्मघाता’चा शालेय नमुना बनला.

मोआई उभे चालत गेले असतील, तर या साखळीची पहिली कडी निसटते. जंगल मग दुसऱ्या कारणांनी गेले असणार. शेतीसाठी लोकांनी ते जाळले-तोडले. त्यांच्या होड्यांतून आलेल्या उंदरांनी ताडाच्या बिया कुरतडल्या आणि नवी झाडे उगवू दिली नाहीत. हंट आणि लिपो यांचा भर या दुसऱ्या कारणावर आहे. जंगल गेल्यावरही लोक तगून राहिले. शेतात दगड पसरून वाऱ्यापासून आणि सुकण्यापासून माती वाचवायची, अशी शेती त्यांनी केली. २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅरिसच्या संग्रहालयातील १५ रापा नुई व्यक्तींच्या अवशेषांचे जनुक वाचले गेले. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळली असती तर तिची खूण त्या जनुकांत दिसली असती. ती दिसली नाही.

लोकसंख्या कोसळली, पण नंतर. आणि तिची नोंद कागदोपत्री आहे. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे १५०० माणसे पकडून नेली. बाहेरून ओरड झाल्यावर थोडे लोक परत पाठवले गेले. त्यांच्याबरोबर देवी आली. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसे उरली होती. १८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतले, पुढे ते मेंढपाळीच्या कंपनीला दिले गेले आणि मूळ रहिवासी हांगा रोआ या एका गावात कोंडले गेले. पूर्ण नागरिकत्व त्यांना १९६६ मध्ये मिळाले. ज्यांना मोआईच्या वाटा, शब्द आणि विधी ठाऊक होते त्यांतले बहुतेक या काही वर्षांत नाहीसे झाले. ‘हे कसे केले ते यांना सांगता येत नाही’ असे नंतरचे प्रवासी लिहितात, तेव्हा सांगणारे कुठे गेले हेही लिहायला हवे होते.

इतके होऊनही एक वाक्य उरले : ते चालत आले. म्हातारी, शेवंड, माना ही त्या वाक्याभोवतीची वस्त्रे असतील. पण पुतळा उभा होता, तो पायांविना पावले टाकत होता आणि काही रागामुळे, काही अपघातामुळे वाटेत थांबले, एवढा तपशील त्या कथेने नीट सांभाळला. रूटलेजने ती लिहून घेतली, हेयरडालनेही ऐकली. तिच्याकडे माहिती म्हणून पाहायला एका चेक इंजिनिअरचा खटाटोप आणि बेटावरच्याच एका पुरातत्त्वज्ञाची नजर लागली.

वाद पुढेही चालेल. पारो कसा गेला याचे उत्तर उद्या वेगळे निघू शकेल, आणि निघाले तर आनंदच आहे. पण यापुढे प्रश्न विचारताना अठरा माणसे, तीन दोर आणि पुढे झुकलेला दगड यांना वगळून चालणार नाही. रोगेवेनला जाड लाकूड आणि मजबूत दोर दिसले नाहीत, म्हणून पुतळे मातीचे ठरले. लाकडाची गरजच नव्हती आणि दोर झुडपांच्या सालीत होते. दोर ओढणारे हात तर त्याच्या समोरच उभे होते.